तक्रार कोणत्या खान्यात टाकली?

जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्टच्या मालकांची तक्रार साधी होती: चालती गाडी अचानक बंद पडते. २००५ मध्ये कंपनीने डीलरांना कळवलं, ग्राहकांना किल्लीच्या जुडग्यातलं ओझं कमी करायला सांगा. कारण कंपनीच्या लेखी ही 'गैरसोय' होती, 'सुरक्षेचा प्रश्न' नव्हे. प्रत्यक्षात इग्निशन स्विच सैल होता. तो सरकला की धडकेत एअरबॅगही उघडत नसे. पुढे स्विच बदलला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे तपास करणाऱ्यांना बदल दिसेचना. गाड्या परत मागवल्या २०१४ मध्ये. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

तेव्हा मित्रांनो, तक्रारी मोजायला बसण्याआधी एवढं विचारा: ती कोणत्या खान्यात टाकली, आणि कोणी?