नांव जागेचें कीं वस्तूचें?



राज्यकारभार पालटला कीं नांवें पालटतात, आणि नांवें पालटलीं कीं कागदपत्रें जुळेनाशीं होतात. वऱ्हाडच्या माणसास हें नव्यानें सांगावयास नको. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला, आणि कालांतरानें त्याचे सहा जिल्हे झाले: अमरावती, एलिचपूर, वणी, अकोला, बुलढाणा व वाशीम. १९०५ सालीं सहांचे चार करण्यांत आले. एलिचपूर अमरावतींत मिळालें; वणी जिल्हा यवतमाळ या नांवानें ओळखला जाऊं लागला; वाशीमचा पुसद तालुका यवतमाळकडे व उरलेला भाग अकोल्याकडे गेला. पुढें १९९८ सालीं वाशीम जिल्हा पुन्हां स्वतंत्र झाला. या साऱ्या उलथापालथींत मंगरूळपीरचें एकही शेत जागचें हललें नाहीं. हललें तें केवळ दप्तर. आणि ज्याचा जुना कागद नव्या दप्तराशीं जुळेना, त्याला हेलपाटे घालणें प्राप्त झालें.

आजचा विषय याच जातीचा आहे. मात्र तो शेताचा नसून संगणकांतील हार्ड डिस्कचा आहे. घरांतील छायाचित्रें, दुकानाचा जमाखर्च, मुलांचा अभ्यास हें सर्व जिच्यावर सांठविलेलें असतें, त्या डिस्कला संगणक एका नांवानें हांक मारीत असतो. एके दिवशीं तें नांव बदलतें, डिस्क हांकेला ओ देत नाहीं आणि यंत्र सुरूच होत नाहीं. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर स्वतःच्या हातानें नवा कर्नेल बांधणाऱ्या अनेकांवर हा प्रसंग आला आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. यंत्राचे भाग ओळखणें, त्यांस कामें वांटून देणें व त्यांच्यांत तंटा होऊं न देणें, हें त्याचें काम. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा कर्नेल लिहिण्यास आरंभ केला. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला असल्यामुळें कोणासही तो आपल्या यंत्रास बेतून घेतां येतो. शिंप्यानें अंगाचें माप घेऊन सदरा शिवावा तसा. नको तें वगळावें, हवें तें ठेवावें, आणि नवा कर्नेल तयार करावा.

आतां नांवांचा इतिहास पाहूं. शाळेंत मुलाची ओळख तीन प्रकारांनीं सांगतां येते. पहिली बांकावरून: खिडकीजवळच्या दुसऱ्या बांकावरचा मुलगा. दुसरी हजेरीवरून: क्रमांक सातचा मुलगा. तिसरी दाखलखारिज रजिस्टरावरून. हा तिसरा क्रमांक मुलाचें नांव शाळेंत घातलें त्या दिवशीं मिळतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच असतो. बांक बदलतो, हजेरीचा क्रमांक वर्षागणिक बदलतो, रजिस्टरांतला बदलत नाहीं. लिनक्समधील डिस्कचीं नांवेंही याच तीन पायऱ्यांनीं चढत आलीं आहेत.

पहिली पायरी बांकाची. पूर्वीं घरगुती संगणकांत आयडीई जातीच्या डिस्क असत. सामान्यतः यंत्रांत दोन केबली, आणि प्रत्येक केबलीवर दोन जागा. पहिल्या केबलीवरील डिस्क एचडीए व एचडीबी. दुसरीवरील एचडीसी व एचडीडी. मधली डिस्क काढून घेतली तरी बाकीच्यांचीं नांवें तींच राहत. बांक रिकामा राही, इतकेंच. दुसरी पायरी हजेरीची. स्कझी जातीच्या डिस्कना, त्या सांपडत गेल्या त्या क्रमानें, एसडीए, एसडीबी, एसडीसी अशीं नांवें मिळत. येथें पहिला विद्यार्थी गैरहजर राहिला, तर दुसरा आपोआप पहिला होई.

या दोन रीती बरीच वर्षें शेजारीं शेजारीं नांदल्या. पुढें नव्या साटा जातीच्या डिस्क आल्या आणि त्यांच्यासाठीं जेफ गार्झिक यांच्या पुढाकारानें लिबएटीए नांवाची नवी व्यवस्था उभी राहिली. ती स्कझीच्या दप्तरांतून काम करीत असल्यामुळें तिच्या हाताखालील डिस्कना एसडीए हेंच वळण लागलें. २००६ च्या अखेरीस निघालेल्या २.६.१९ या कर्नेलापासून जुन्या आयडीई डिस्कही या नव्या व्यवस्थेखालीं आणण्याची सोय झाली. २००७ सालच्या फेडोरा ७ नें ती स्वीकारली. जुनी व्यवस्था मागें रेंगाळत राहिली, आणि २०२१ सालीं ५.१४ या आवृत्तींतून ती काढून टाकण्यांत आली.

मधल्या काळांत जुने व नवे असे दोन्ही ड्रायव्हर कर्नेलांत उपलब्ध होते. स्वतः कर्नेल बांधणाऱ्यानें नवा निवडला कीं काल एचडीए असलेली डिस्क आज एसडीए होई. डिस्क तीच, केबल तीच, आंतील अक्षर न् अक्षर तेंच. परंतु आरंभाच्या सूचनेंत मूळ विभाग म्हणून एचडीए-१ असें लिहिलेलें. कर्नेल त्या नांवाचा विभाग शोधी, तो न सांपडल्यानें 'मूळ विभाग जोडतां येत नाहीं' अशा अर्थाची ओळ पडद्यावर उमटे आणि यंत्र थांबे.

अशा वेळीं घाबरून डिस्क बिघडली असें समजूं नये. त्या ओळीच्या आसपास उपलब्ध विभागांची यादी बहुधा छापलेली असते, ती आधीं वाचावी. यादींत एसडीए-१ दिसत असेल, तर दोष केवळ नांवाचा आहे. यादी रिकामी असेल, तर नव्या कर्नेलांत त्या डिस्कशीं बोलणारा ड्रायव्हरच घातलेला नाहीं. मग नांव कितीही वेळां बदलून उपयोग नाहीं, कर्नेल पुन्हां बांधला पाहिजे. नांवाचाच दोष असेल तर आरंभाच्या सूचनेंतील नांव दुरुस्त करावें, आणि त्यानंतर एफस्टॅब या फाइलींतीलही. या फाइलींत कोणता विभाग कोठें जोडावयाचा याची नोंद असते. स्वॅप विभागाची ओळ तींत बहुधा विसरली जाते.

यंत्र सुरू न होणें हा लहान अनर्थ होय. मोठा अनर्थ निराळाच आहे. एसडीबी ही पेनड्राइव्ह आहे अशा समजुतीनें कोणी ती पुसण्याची आज्ञा देतो, आणि त्या दिवशीं एसडीबी ही घरच्या छायाचित्रांची डिस्क निघते. आजही कर्नेल अनेक डिस्क एकाच वेळीं तपासतो. जी आधीं उत्तर देईल तिला आधींचें अक्षर मिळतें. म्हणून कालच्या हजेरीवर आजची शिक्षा देऊं नये.

यावरील उपाय म्हणजे तिसरी पायरी, रजिस्टराचा क्रमांक. डिस्कवरील विभागावर फाइलींची व्यवस्था मांडतांना तिला यूयूआयडी नांवाची खूण मिळते: ३२ अंकाक्षरें व मध्यें ४ आडव्या रेघा. ही खूण त्या विभागावरच लिहिलेली असल्यामुळें डिस्क कोणत्याही यंत्रांत नेली तरी तिच्याबरोबर जाते. ब्लकआयडी या आज्ञेनें ती वाचतां येते. २००३ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं पुढें आणलेली यूडेव्ह व्यवस्था अशा खुणांवरून डिस्कची सूची ठेवूं लागली, आणि एफस्टॅबमध्यें एचडीए-एसडीएच्या जागीं हीच खूण लिहिण्याचा प्रघात पडला.

या उपायासही तीन मर्यादा आहेत. एक, कर्नेल एकटा ही खूण ओळखीत नाहीं. त्यासाठीं इनिटरॅमएफएस नांवाची आरंभींची तात्पुरती व्यवस्था बरोबर द्यावी लागते. ती नको असेल तर पार्टयूयूआयडी ही विभागाच्या कोष्टकांतील खूण द्यावी. ती कर्नेलास स्वतः वाचतां येते. दोन, विभाग नव्यानें मांडला कीं खूणही सामान्यतः नवी होते. तीन, डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर खुणेचीही नक्कल होते, आणि एका रजिस्टर क्रमांकाचे दोन विद्यार्थी वर्गांत येऊन बसतात. अशा वेळीं एकाचा क्रमांक बदलून घेतला पाहिजे.

शेताची ओळख त्याच्या जागेंत असते, कारण शेत हलत नाहीं. डिस्कचें तसें नाहीं. ती आज अमरावतीच्या यंत्रांत आहे तर उद्यां अकोल्याच्या. जी वस्तु हलते तिचें नांव तिच्या अंगावर असावें. म्हणून ज्यास नवा कर्नेल बांधावयाचा असेल त्यानें आधीं ब्लकआयडीचें उत्तर एका वहींत उतरून घ्यावें, घरच्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि नवा कर्नेल कांहीं दिवस सुरळीत चालेपर्यंत जुना पुसूं नये. नवा अडला तर जुन्याच्या मदतीनें यंत्र पुन्हां सुरू करतां येतें, व वहींतील खुणेवरून नव्याची दुरुस्ती होते.