राजेबहादूर

राजेबहादूर : मराठेशाहीतील सरदारी किताब, पुढे आडनाव. मनमाडच्या उत्तरेकडील मालेगावचा भुईकोट बांधणारे नारोशंकर दाणी यांच्या घराण्यामुळे नाशिक जिल्ह्यात हा शब्द रुजला.

‘राजे’ हे संस्कृत ‘राजा’चे आदरार्थी रूप. ‘बहादूर’चे मूळ मध्य आशियातील तुर्की-मंगोल भाषांत, ‘वीर’ या अर्थी. फारसीतून तो दख्खनेत आला. मंगोलियाची राजधानी उलानबातर हिच्या नावातील ‘बातर’ तोच. मोगल दरबारात बहादूर, जंग, उद्दौला, उल्मुल्क असे किताब मानाच्या उतरंडीने मिळत. छत्रपतींनी दिलेले किताब निराळे : नागपूरकर भोसल्यांचा ‘सेनासाहेबसुभा’, गायकवाडांचा ‘सेनाखासखेल’, घोरपड्यांचा ‘हिंदुराव’. राजेबहादूर म्हणवणारा सरदार राजा असेच असे नाही. किताबाने दरबारातला मान ठरे. उत्पन्न मिळे ते जहागीर आणि सरंजाम यांतून. हा भेद न पाळल्याने स्थानिक इतिहासात पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

नारोशंकर १७४२ पासून झाशीचे सुभेदार होते. किल्ल्यालगतची वस्ती वाढवून त्यांनी झाशीला शहराचे रूप दिले. हे त्यांचे सर्वांत मोठे काम मानावे लागेल. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्याकडे सोपवला. पानिपतच्या पराभवानंतर त्यांना दिल्ली सोडावी लागली.

मोसम नदीकाठचा मालेगावचा किल्ला साधारण १७४० चा. १८१८ च्या मे-जूनमध्ये अरब शिबंदीने तो इंग्रजांविरुद्ध चिवटपणे लढवला. नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकरांनी बांधलेले रामेश्वराचे मंदिर (१७४७) लोकांच्या तोंडी ‘नारोशंकराचे देऊळ’च आहे. दर्शनी भिंतीवरील मोठी घंटा पोर्तुगीज घडणीची, १७२१ सालची. वसईच्या विजयानंतर (१७३९) ती इकडे आली. गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचले का, हे नाशिककर आधी विचारतात.

इंग्रजांनी ‘बहादूर’ उचलून रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर अशा पदव्या वाटल्या. रियासतकार गो. स. सरदेसाई आणि द. ब. पारसनीस हे दोन्ही इतिहासकार रावबहादूर होते. तलवारीची पदवी अशी लेखणीकडे आली, आणि पारसनीसांसारख्या कागदपत्रे जपणाऱ्या माणसाला ती शोभलीही. स्वतंत्र भारतात संविधानाच्या अनुच्छेद १८ ने सरकारी किताब बंद केले. आडनावाला मात्र ती बंदी लागू नाही. राजेबहादूर आडनाव आजही चालू आहे.