पडेल तो पार्ट

माझ्या काकांची एक वही माझ्याकडे आहे. तांबड्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, मधल्या काही पानांवर सफेद्याने माखलेल्या बोटांचे ठसे. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: जत्रा, आख्यान, पार्ट. तिसरा रकाना वाचणाऱ्याला ही एकाच माणसाची वही वाटणार नाही. एका ओळीत नारद, खालच्या ओळीत धाकटी राणी, मग राक्षस, मग एकाच रात्री ब्राह्मण आणि दूत दोन्ही. आणि मधूनमधून, पार्टाच्या पुढे, दोनच शब्द: ‘आयत्या वेळी’.

काका वेंगुर्ल्याकडच्या एका दशावतारी मंडळीत काही मोसम होते. पुढे गिरणीत लागले, लालबागच्या खोलीत राहिले, आणि गिरण्यांच्या संपानंतर काही वर्षांनी आमचं सगळं बिऱ्हाड दहिसरला, रावळपाड्यात आलं. लालबाग-परळची आमच्यासारखी कितीतरी कोकणी कुटुंबं पश्चिम रेल्वेवर मुंबईच्या या टोकाला येऊन राहिली. येताना डबलबारीची भजनं आणली, गणपतीतल्या फुगड्या आणल्या आणि दशावतारही आणला.

मी वही नीट वाचली ती मात्र वेगळ्याच निमित्ताने. २००३ साली कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाने अमेरिकेहून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण खेळ चालवतो, प्रसंग उभा करतो, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. त्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडलेली असते. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, आणि एखादी गोष्ट जमणार की फसणार याचा कौल वीस बाजूंचा फासा देतो. घरी आल्यावर मी हे सगळं उत्साहाने काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे धयकालोच तो!”

काकांचं म्हणणं किती अचूक होतं ते मला हळूहळू कळत गेलं. दशावताराला संहिता नसते. जत्रेत देवाची पालखी देवळात परतेपर्यंत रंगपटात नट स्वतःच्या हाताने तोंड रंगवत बसलेले असतात. मंडळीतला जाणता माणूस त्या रात्रीचं आख्यान ठरवतो, कथानक थोडक्यात सांगतो, पार्ट वाटतो. कोण कधी आत येणार, युद्ध कुठे लावायचं, शेवट कुठे करायचा, एवढंच पक्कं होतं. शब्द ज्याचे त्याने उभे करायचे. आधी पूर्वरंग होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि वेद चोरून नेणारा, काळ्या वेषातला, मालवणीत सगळ्यांची खोडी काढणारा संकासूर. मग आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. शेवटी दहीहंडी फुटते, म्हणून गावच्या तोंडी हा दहीकाला, धयकालो.

हा खेळ जुना आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा दाखला दिला आहे, तोही नेमका सोंगाबद्दल: रंगभूमीवर येणाऱ्या त्या सुंदर बायका प्रत्यक्षात दणकट पुरुष असतात, असं ते सांगतात. म्हणजे पुरुषाने लुगडं नेसून राणी होणं ही तेव्हाही ओळखीची गोष्ट होती.

शहरी मराठी नाटकाचाही जन्म असाच झाला, हे आपण विसरलो आहोत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदांमधून कथा पुढे नेई आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी करत. पुढे लिखित नाटक आलं. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं गेलं, आणि अशा छापील नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. पाठांतर आलं, तालमी आल्या, नटाचा पार्ट ठरून गेला. त्यातून मोठी नाटकं झाली, याबद्दल मला आदरच आहे. पण रात्री आठ वाजता हातात पडलेला पार्ट नऊ वाजता उभा करणारा माणूस शहरी रंगभूमीला लागेनासा झाला. तो कोकणात देवळांच्या अंगणात राहिला.

तिथेही पार्टांची वाटणी आहेच. राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलपार्टी, विनोदी नट. लोक नावावर येतात ते राजपार्टासाठी. नेरूरचे सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटलं ते उगीच नव्हे. पण मंडळी मोजक्या माणसांची असते. कुणाला ताप भरतो, कुणाची एसटी चुकते, कुणाच्या घरी सुतक येतं. अशा रात्री जो उभा राहतो त्याचं नाव पत्रकावर ठळक छापलं जात नाही. काका तो होते.

त्यांनी सांगितलेली एक रात्र मला पाठ आहे. आख्यान अर्ध्यावर आलं होतं आणि राजाचा घसा बसला. आवाजच फुटेना. काका दूत म्हणून आत गेले होते, निरोप सांगून परत यायचं एवढंच काम. त्यांनी राजाकडे पाहिलं आणि ओळखलं. गुडघ्यावरून उठले आणि म्हणाले, दादा, आता हा दूताचा वेष पुरे झाला, मी तुमचा धाकटा भाऊ वेष पालटून आलो आहे. पुढचा पाऊण तास राजाच्या वतीने ते बोलले. पेटीवाल्याने सूर बदलला, मृदंगवाल्याने हात बदलला, आणि राजा नुसत्या मानेने होकार देत सिंहासनावर बसून राहिला. युद्धाला काकाच उभे राहिले. प्रेक्षकांना आख्यान तसंच असतं असं वाटलं. मी विचारलं, काका, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, “पार्ट ल्हान-मोठो नसता, झिला. नाटक थांबाक होया नाय.”

यासाठी काय काय यावं लागतं ते बघा. पंचवीस-तीस आख्यानं मनात हवीत, तीही प्रत्येक पात्राच्या बाजूने. राजाची भारदस्त मराठी आणि संकासुराची मालवणी, दोन्ही जिभेवर हव्यात. तलवारीचे चार हात, पेटीच्या सुरात मिळेल एवढं गाणं, लुगडं नेसून चालणं, पुराणातले वंश. यातल्या कशातच मंडळीत पहिला नंबर नसला तरी चालतं, पण काहीच अनोळखी असून चालत नाही.

आता अशाच माणसाचा टेबलावरच्या खेळातला इतिहास. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली निघालं तेव्हा पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार, धर्मोपदेशक. १९७५ च्या पुरवणीत चोर आला. सगळ्यातलं थोडं थोडं येणारा असा कुणी नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात डग श्वेगमन यांनी बार्ड मांडला. बार्ड म्हणजे आपल्या भाषेत शाहीर. गाणारा, थोडा लढणारा, थोडी जादू, थोडी हातचलाखी, आणि दंतकथांचं ज्ञान.

१९७८ च्या नियमपुस्तकात हा शाहीर परिशिष्टात गेला आणि त्याची वाट फार बिकट झाली. आधी लढवय्या म्हणून किमान पाचवी पायरी गाठायची, आठवीच्या आत ते सोडून चोर व्हायचं, तिथेही पाचवीपुढे जाऊन नववीच्या आत तेही सोडायचं, आणि मग कुठे शाहिरीची दीक्षा. वर ताकद, शहाणपण, चपळाई आणि छाप, चारही पंधराच्या खाली नकोत. अनेक खेळाडूंना हा नियम अतिरेकी वाटतो. मला तो सगळ्यात खरा वाटतो. काकांच्या वहीचा क्रम तोच आहे. पहिल्या पानांवर नुसते दूत आणि सेवक, मग राक्षस, मग राण्या, आणि ‘आयत्या वेळी’ हे शब्द दिसू लागतात ते बऱ्याच पानांनंतर.

अशाच दुसऱ्या खेळांत वाट सोपी होती. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये हरहुन्नरीपण हेच एक कौशल्य म्हणून मिळू शकत होतं. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने वर्गच काढून टाकले, जे वापराल ते वाढेल. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही १९८९ मध्ये शाहीर पहिल्या पायरीपासून खुला झाला. २०१४ च्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीवर त्याला एक गुण मिळतो: जे शिकलेला नाही तिथेही शिकलेल्याच्या निम्मा हात चालतो. हा नियम लिहिणाऱ्याने दशावतार पाहिला नसेल, पण ‘आयत्या वेळी’ची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

रविवारी दुपारी आमच्या इमारतीत आम्ही पाच जण खेळतो. नवीन मुलं अष्टपैलू पात्र बांधायला बसली की हटकून एक चूक करतात: सगळे आकडे सारखे करतात. नियमात १५, १४, १३, १२, १०, ८ असे सहा आकडे मिळतात, ते वाटायचे असतात. तो आठ कुठेतरी जाणारच. तो कुठे टाकायचा हे आधी ठरवा, असं मी सांगतो. काकांनी राजपार्ट कधी मागून घेतला नाही. “तेका आवाज होयो, तो माझो नाय,” म्हणायचे. तो त्यांचा आठ होता आणि त्यांना तो पक्का ठाऊक होता.

त्या २०१४ च्या नियमांनी अर्ध-एल्फ वंशाचा शाहीर घेतला आणि तिसऱ्या पायरीवर विद्येचा पंथ निवडला, तर अठरापैकी दहा कौशल्यं हाती येतात. उरलेल्या आठांत निम्मा हात आहेच. कागदावर एवढं पुरेसं आहे. पण ती दहा कोणती, हे टेबलावरच्या बाकी खेळाडूंचे कागद पाहिल्याशिवाय ठरवू नका. कुणी दबक्या पावलांनी जाणारं नसेल तर ते घ्या, कुणाला जखम बांधता येत नसेल तर ते शिका. मंडळीत पार्ट असेच वाटले जातात. अलीकडे वेगवेगळ्या मंडळींतले नट एका रात्रीपुरते एकत्र येऊन ‘संयुक्त दशावतार’ करतात. तिथे तर कालपर्यंत एकमेकांसमोर उभे न राहिलेले नट पहाटेपर्यंत आख्यान ओढून नेतात. टेबलावर पहिल्यांदाच भेटलेल्या पाच जणांनी ते एकदा पाहावंच.

दिवाळीनंतर, कार्तिकात, सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात. मुंबईतही नाट्यगृहांत प्रयोग लागतात. गेलात तर अर्धा तास लवकर जा, आणि परवानगी घेऊन रंगपटाच्या दाराशी उभे राहा. आख्यान सांगितलं जात असेल, पार्ट वाटले जात असतील. एक माणूस हातात आरसा धरून, अजून काहीच न रंगवता बसलेला दिसेल. त्याच्याकडे बघा.