उन्हाळा आणि नगरपालिका

वसंतातील व्याख्याने संध्याकाळी का भरतात, हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही. परीक्षा संपलेल्या असतात, आंबा बाजारात आलेला असतो, आणि ऊन कलल्याखेरीज कोणी घराबाहेर पडायला तयार नसतो. म्हणून मांडवही पडतो तो दिवस मावळतीला लागल्यावर. ही वेळ कोणत्या ठरावाने ठरलेली नाही, ती उन्हाने ठरविलेली आहे. ऋतूशी जुळवून घेण्याचा हा सर्वांत जुना आणि बिनखर्ची उपाय होय. परंतु ज्याला आपली वेळ बदलण्याची मुभाच नाही त्याने काय करावे? भर दुपारी हातगाडी ओढणारा हमाल, रस्त्यावर डांबर पसरणारी बाई, पत्र्याच्या छपराखाली तान्ह्या मुलाला घेऊन बसलेली बाळंतीण, यांच्यासाठी सावलीची आणि पाण्याची तजवीज कोणी करायची? आमच्या मते हे काम नगरपालिकेचे आहे. हे मत नुसत्या भूतदयेवर उभे नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. तो आधार दाखविण्यासाठी आम्ही आपल्या शेजारच्या प्रांतातील अहमदाबाद शहराची हकीकत निवडली आहे.

साबरमतीच्या काठी १४११ साली सुलतान अहमदशहाने हे नगर वसविले. मुलूख कोरडा, उन्हाळा कडक, आणि नदी वर्षातले कित्येक महिने वाळूचीच. तेथील जुन्या वस्तीने या उन्हाशी मोठ्या शहाणपणाने जमवून घेतले होते. घरे एकमेकांना खेटून, मधली गल्ली अरुंद, त्यामुळे दुपारीही रस्त्यावर सावली. अशा वस्तीला तेथे पोळ म्हणतात. आपल्या वाड्याला असतो तसा घराच्या मध्यभागी चौक, आणि कित्येक घरांत त्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टांके. शहराबाहेर १४५१ साली बांधलेला कांकरिया तलाव, आणि थोड्या अंतरावर १४९९ ची अडालजची पायऱ्यांची विहीर, जिच्यात एकेक मजला उतरावे तसतशी हवा गार होत जाते. मराठी माणसाला हे शहर परके नाही. १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी ते घेतले, पुढे बराच काळ त्याचा वसूल पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटला जाई, आणि गायकवाडांची हवेली आजही तेथे उभी आहे.

परंतु या जुन्या व्यवस्थेची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. टांके ज्याच्या घरात त्याचे, चौक ज्याच्या वाड्यात त्याचा. तलाव आणि विहीर ही राजाची वा राणीची कृपा. साऱ्या शहराचा मिळून एक विचार करणारी आणि त्यासाठी साऱ्या शहराकडून पैसा गोळा करणारी संस्था तेव्हा नव्हती. ती जन्मली इंग्रजी अमलात, आणि जन्मली ती एका तटाच्या निमित्ताने. १८३० नंतरच्या दशकात शहराचा ढासळलेला तट दुरुस्त करण्यासाठी तूप वगैरे जिनसांवर एक लहानशी पट्टी बसविण्यात आली आणि तिचा हिशेब पाहण्यास एक मंडळ नेमले गेले. तट पुरा झाला, तरी पट्टी राहिली, आणि तो पैसा हळूहळू शहरसुधारणेकडे वळला. अहमदाबादच्या नगरपालिकेचे मूळ असे आहे. सर्वांवर येणाऱ्या संकटाला सर्वांच्या पैशाने तोंड द्यावे, हा विचार त्या तटाच्या विटांबरोबरच रचला गेला.

संकटे पुढे बदलली. दरोडेखोरांची भीती गेली आणि रोगांची भीती समोर आली. ज्यांनी १८६१ साली शहरातील पहिली कापडगिरणी चालू केली ते रणछोडलाल छोटालाल पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी नळाच्या पाण्याचा आणि बंदिस्त गटारांचा आग्रह धरला. आज आपल्याला वाटेल की अशा मागणीला विरोध कोण करील? पण विरोध झाला, आणि तो कडवा झाला. कर वाढेल म्हणून झाला, विहिरीचे पाणी सोडून नळाचे पाणी कसे प्यावे म्हणून झाला, इतकी वर्षे चालले ते आताच का बदलायचे म्हणूनही झाला. तरीही १८९० च्या सुमारास नदीपात्रातील विहिरींचे पाणी नळाने शहरात आले आणि त्यामागोमाग गटारांचे काम हळूहळू वाढत गेले. पुढे १९२४ ते १९२८ या काळात याच नगरपालिकेचे अध्यक्ष वल्लभभाई पटेल होते. १९२७ च्या जुलैमध्ये गुजरातेत अतिवृष्टी होऊन महापूर आला, तेव्हा त्यांनी मदतकार्याची जी शिस्तबद्ध उभारणी केली ती पाहून सरकारलाही त्यांच्या संघटनाशक्तीची दखल घ्यावी लागली. १९५० साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत या संस्थेने तट, पाणी, गटारे आणि पूर अशा चार परीक्षा दिल्या होत्या. पाचवी परीक्षा एकविसाव्या शतकात आली.

२०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत असह्य ऊन पडले. २१ मे रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात उष्माघात असे कारण लिहून नोंदलेले मृत्यू थोडेच होते, आणि त्या आकड्यावर विसंबून राहिले असते तर 'उन्हाळा जरा जास्त होता' एवढे म्हणून शहर पुढल्या कामाला लागले असते. पण ऊन माणसाला मारते ते नेहमी आपल्या नावाने मारीत नाही. म्हाताऱ्याचे हृदय बंद पडते, मधुमेह्याची मूत्रपिंडे थकतात, अशक्त मजूर रात्री झोपतो तो उठत नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहिले जाते, ऊन कोठेच लिहिले जात नाही. म्हणून गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतील व इतर अभ्यासकांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी कारणे बाजूला ठेवली आणि महापालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील सगळेच मृत्यू मोजले. मे २०१० मध्ये ४,४६२ माणसे मेली होती. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांवरून पाहता हा आकडा ३,११८ च्या आसपास असावयास हवा होता. एका महिन्यात १,३४४ माणसे अधिक गेली होती. पूर आला असता तर दिसला असता, आग लागली असती तर धूर दिसला असता. ही १,३४४ माणसे मात्र कोणालाही एकत्र दिसली नाहीत. ती दिसली ती फक्त नोंदवहीत.

या सगळ्या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला हीच वाटते. शहराचे पहिले शस्त्र म्हणजे त्याची नोंदवही. ती महापालिकेच्याच कपाटात होती. तिच्यासाठी परदेशातून यंत्र आणावे लागले नाही. ती उघडून मोजण्याची आणि जे निघेल ते मान्य करण्याची तयारी मात्र लागली. आपल्या कारकिर्दीत इतकी माणसे अधिक मेली हे कबूल करणे कोणत्याही कारभाऱ्याला सुखाचे नसते. अहमदाबादच्या महापालिकेने ते कबूल केले आणि २०१३ साली उष्णतेच्या मुकाबल्याची योजना अमलात आणली. दक्षिण आशियातील अशा प्रकारची ती पहिली योजना होय.

योजनेत नवलाचे असे फारसे काही नाही, आणि तेच तिचे बळ आहे. तापमानाचा अंदाज काही दिवस आधी महापालिकेच्या एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या हाती येतो. पारा ४१ अंशांच्या वर जाणार असेल तर पिवळा इशारा, ४३ च्या वर जाणार असेल तर नारिंगी, आणि ४५ किंवा त्याहून अधिक असेल तर तांबडा. इशारा निघाला की कोणी काय करायचे हे आधीच लिहिलेले असते. रुग्णालयांनी बर्फ आणि सलाईन सज्ज ठेवायचे, रुग्णवाहिकांनी तयार राहायचे, पाणपोया वाढवायच्या, उद्याने दुपारीही उघडी ठेवायची, उघड्यावरील कामांच्या वेळा बदलायच्या, वस्त्यावस्त्यांतून लोकांना सावध करायचे. डॉक्टर आणि परिचारिका यांना उष्माघाताची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण उन्हाळ्यापूर्वीच द्यायचे. पावसाळा लागल्यावर सर्वांनी पुन्हा बसून काय चुकले ते पाहायचे आणि योजना सुधारायची.

एक लहानसे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. शहरातील एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेने आजारी झालेली अर्भके तेथे वाढली. पुढे तो कक्ष खालच्या मजल्यावर आणण्यात आला, आणि अशी प्रकरणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. नवी इमारत बांधावी लागली नाही. 'छप्पर तापते, आणि त्याखाली कोण आहे?' एवढा प्रश्न कोणीतरी विचारावा लागला. पुढे २०१७ पासून झोपडपट्टीतील घरांच्या छपरांना चुन्याचा वा पांढऱ्या रंगाचा हात देण्याचे कामही महापालिकेने हाती घेतले, तेही याच विचारातून.

याचा गुण आला काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, योजनेनंतरच्या वर्षांत सरासरीने दरसाल सुमारे १,१९० मृत्यू टळले. हा अंदाज आहे, मोजलेली संख्या नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. टळलेला मृत्यू कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. तरी इतर शहरांना दिशा दाखविण्यास एवढे पुरे झाले. आपल्याकडे नागपूर आणि त्याच्या आसपासच्या नगरपालिकांनी २०१६ साली अशीच योजना केली.

आता या योजनेच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर ही हकीकत स्तुतिपाठ होईल. इशारा हा संकटाच्या आठवड्यापुरता उपाय आहे, आणि संकट तर आता आठवड्यापुरते राहिलेले नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले आहे, आणि शहरात डांबर, काँक्रीट व यंत्रे यांची उष्णता त्यात मिळते. दिवसाचा पारा मोजून रंग ठरविला जातो, पण रात्री घर गार झाले नाही तर शरीराला विसावा मिळत नाही. समुद्रकाठच्या दमट शहरात ४१ अंशांची वाट पाहणे व्यर्थ आहे, तेथे त्याआधीच माणूस गळून जातो. आणि घरात पत्र्याखाली बसून विड्या वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रीपर्यंत 'दुपारी घरातच राहा' हा उपदेश पोहोचला, तरी तिच्या काय कामाचा? तिचे घर हेच तिचे ऊन आहे. तेव्हा इशाऱ्याच्या मागोमाग छपरे, झाडे, पाणी आणि घरबांधणीचे नियम यांची दीर्घ मुदतीची कामे आली पाहिजेत, आणि त्यांच्यासाठी दरसालच्या अंदाजपत्रकात वेगळी रक्कम आली पाहिजे. रकमेवाचून योजना म्हणजे सदिच्छा. रणछोडलालांना गटारांसाठी कर मागावा लागला, तसा सावलीसाठीही कोणीतरी मागितला पाहिजे, आणि विरोध होईल हे धरूनच मागितला पाहिजे.

हे आपल्या नगरपालिकेला झेपेल काय, असे कोणी विचारील. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरसंस्थांकडे सोपविता येतील अशा विषयांची ती यादी आहे. त्या यादीत सार्वजनिक आरोग्य आहे, नागरी वनीकरण आहे, झोपडपट्टीसुधारणा आहे, आणि जन्ममृत्यूंची नोंदही आहे. म्हणजे उन्हाशी लढण्याची बहुतेक हत्यारे नगरसंस्थेच्याच घरची आहेत. आणि गरज नाही असे तर कोणी म्हणू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या एका जाहीर समारंभानंतर १४ माणसे दगावली. ती कामाला गेली नव्हती, आपल्यासारखीच ऐकायला आणि पाहायला गेली होती.

म्हणून आम्ही श्रोत्यांना एवढेच सुचवितो. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला किंवा नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन चार प्रश्न विचारावे. गेल्या दहा वर्षांत एप्रिल-मे महिन्यांत आपल्या शहरात किती मृत्यू झाले, हे कोणी मोजले आहे काय? ऊन वाढले तर इशारा देण्याचे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे? आपल्या रुग्णालयांत आणि शाळांत तापलेल्या छपराखाली कोण बसते? आणि यासाठी यंदा किती रुपये राखून ठेवले आहेत? हे प्रश्न मे महिन्यात विचारून उपयोग नाही, कारण तेव्हा पैसे वाटून झालेले असतात. ते अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, थंडीच्या दिवसांत, अंगावर शाल असताना विचारले पाहिजेत. थंडीत उन्हाळ्याची आठवण ठेवणे अवघड असते खरे. अहमदाबादला ती आठवण १,३४४ माणसांनी करून दिली. आपण ती त्या वहीतून वाचून घेतली तर तेवढ्याच किमतीने ती पुन्हा विकत घ्यावी लागणार नाही.