पाच धावांचे अंतर : विदर्भ-कर्नाटक रणजी उपांत्य सामना (२०१७) आणि प्रादेशिक क्रीडा-इतिहास

प्रस्तावना

राजकीय व आर्थिक इतिहासाच्या तुलनेत प्रादेशिक क्रीडा-इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः एखाद्या प्रदेशातील संस्था कशा उभ्या राहतात, साधनसामग्री कोठे केंद्रित होते आणि नवीन पिढीला संधी कोणत्या मार्गाने मिळते, या प्रश्नांची उत्तरे क्रीडांगणाच्या इतिहासातही सापडतात. या दृष्टीने दि. १७ ते २१ डिसेंबर २०१७ या काळात कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर झालेला विदर्भ विरुद्ध कर्नाटक हा रणजी करंडक स्पर्धेचा उपांत्य सामना विशेष अभ्यसनीय ठरतो. हा सामना विदर्भाने अवघ्या ५ धावांनी जिंकला व प्रथमच अंतिम फेरीत प्रवेश केला. तत्कालीन वृत्तलेखनात या विजयाचे वर्णन प्रामुख्याने ‘थरारक’ व ‘चमत्कार’ अशा शब्दांत झाले. प्रस्तुत लेखात या निकालामागील दीर्घकालीन प्रक्रिया तपासली असून, चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील महाविद्यालयीन क्रीडाजीवनाच्या संदर्भात तिचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विदर्भातील क्रिकेटची परंपरा जुनी आहे. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे (१९३२) कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपूर येथे झाला. रणजी स्पर्धेच्या आरंभीच्या वर्षांत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ खेळत असे. परंतु नायडूंच्या कारकिर्दीचा वैभवकाळ इंदूरच्या होळकर संघाशी जोडला गेला. संस्थानिकांचा आश्रय, मैदान आणि वेतन या गोष्टी त्या काळी इंदूरला होत्या, नागपूरला नव्हत्या. गुणवत्ता एका ठिकाणी जन्मावी आणि तिची जोपासना दुसऱ्या ठिकाणी व्हावी, हा या प्रदेशाचा अनुभव येथूनच सुरू होतो.

विदर्भ हा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी स्पर्धेत उतरला. ही घटना राजकीयदृष्ट्याही लक्षणीय आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. विदर्भ राज्याचा भाग झाला, तरी क्रिकेटच्या नकाशावर मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ कायम राहिले. सिंचन, रस्ते, शिक्षण आदी क्षेत्रांत विदर्भाच्या वाट्याला काय आले, याची मोजदाद १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ‘अनुशेष’ या शब्दाने होऊ लागली. क्रिकेटमध्ये मात्र या प्रदेशाला स्वतःचे नाव, स्वतःची संघटना व स्वतःचा संघ पूर्वीपासूनच होता.

असे असूनही पहिले विजेतेपद मिळण्यास साठ वर्षे लागली. स्पर्धेची विभागणी वरिष्ठ व कनिष्ठ गटांत झाल्यानंतर विदर्भाचा बराच काळ कनिष्ठ अशा प्लेट गटात गेला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर पहिला कसोटी सामना १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाला. पण विदर्भाच्या संघातून पुढे आलेला उमेश यादव हा पहिला कसोटीपटू भारतीय संघात दाखल झाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. तो कोळसा खाण कामगाराचा मुलगा होय. कसोटीचे मैदान लाभल्यानंतर कसोटीपटू घडण्यास बेचाळीस वर्षे लागावीत, यावरून स्वतंत्र अस्तित्व आणि प्रत्यक्ष क्षमता यांतील अंतर स्पष्ट होते.

संस्थात्मक परिवर्तन

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हे चित्र पालटू लागले. वर्धा मार्गावरील जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे नवीन स्टेडियम उभे राहिले व नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. निवासी अकादमीच्या माध्यमातून किशोरवयीन खेळाडूंच्या सलग प्रशिक्षणाची सोय झाली. अन्य राज्यांतील अनुभवी खेळाडूंना संघात स्थान देण्याचे धोरणही परिणामकारक ठरले. कर्नाटकाकडून खेळलेला गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०१७ मध्ये मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. कर्णधार फैज फझल हा स्थानिक खेळाडू होता. अशा रीतीने स्थानिक गुणवत्ता आणि बाहेरचा अनुभव यांचा मेळ घालण्यात आला.

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने साखळीत आपल्या गटात अव्वल स्थान मिळविले आणि सुरत येथील उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव केला. त्याच वेळी कर्नाटकाने बलाढ्य मुंबईला एक डाव व २० धावांनी नमविले. तो सामना झाला नागपूरच्याच जामठा मैदानावर. तोपर्यंत आठ वेळा विजेता ठरलेला हा संघ उपांत्य फेरीत विदर्भासमोर उभा होता.

सामन्याचे स्वरूप

विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला. कर्नाटकाच्या अभिमन्यू मिथुनने ४५ धावांत ५ गडी बाद केले. उत्तरादाखल करुण नायरच्या १५३ व सी. एम. गौतमच्या ७३ धावांच्या बळावर कर्नाटकाने ३०१ धावा उभारल्या. रजनीश गुरबाणीने ९४ धावांत ५ बळी घेतले, तरी कर्नाटकाला ११६ धावांची आघाडी मिळाली. बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निर्णय होतो. त्यामुळे विदर्भापुढे निर्णायक विजयाखेरीज दुसरा मार्ग उरला नाही.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या. त्यात गणेश सतीशच्या ८१, आदित्य सरवटेच्या ५५ व अपूर्व वानखडेच्या ४९ धावांचा वाटा मोठा होता. या डावात शतक एकाचेही नाही. मधल्या व तळाच्या फलंदाजांनी जोडलेल्या लहान-मोठ्या धावसंख्यांतून तो उभा राहिला. कर्नाटकापुढे १९८ धावांचे, वरकरणी सोपे, लक्ष्य होते.

चौथ्या दिवसअखेर कर्नाटकाची अवस्था ७ बाद १११ अशी झाली. विजयासाठी ८७ धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार विनय कुमार ३६ धावांवर बाद झाला, तेव्हा धावफलकावर १४१ धावा होत्या. त्यानंतर श्रेयस गोपाळ व मिथुन यांनी ४८ धावांची भागीदारी करून सामना जवळजवळ हिरावून नेला. धावसंख्या १८९ झाली असताना, विजय केवळ ९ धावांवर आलेला असताना, मिथुन ३३ धावांवर झेलबाद झाला. अखेरचा फलंदाज श्रीनाथ अरविंद बाद झाला तेव्हा धावसंख्या १९२ होती आणि श्रेयस गोपाळ २४ धावांवर नाबाद होता. अखेरच्या दिवसाचे तिन्ही बळी गुरबाणीचे होते. डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात एकूण १२ बळी अशी त्याची कामगिरी झाली. गुरबाणी हा स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, ही बाब महाविद्यालयीन क्षेत्राच्या दृष्टीने नोंदविण्याजोगी आहे.

निसटता निकाल आणि इतिहासाचा अन्वयार्थ

अल्प फरकाने लागलेल्या निकालात योगायोगाचा वाटा नाकारता येत नाही. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात वानखेडे स्टेडियमवर मुंबई हरियाणाकडून २ धावांनी हरली. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहूनही करंडक हरियाणाकडे गेला. मात्र त्या पराभवाने मुंबईची क्रिकेट-परंपरा खंडित झाली नाही. तद्वतच ५ धावांच्या विजयाने एखादी परंपरा निर्माण होत नाही. ती निर्माण झाली होती किंवा नाही, हे पुढील वर्षांच्या नोंदींवरून ठरवावे लागते.

तुलनेसाठी अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचे उदाहरण उपयुक्त आहे. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा असून त्यात चेंडू हाताने नेता व फेकता येतो. हंगामाच्या अखेरीस निवडक विद्यापीठ-संघांत ‘बाऊल’ नावाने ओळखले जाणारे सामने होतात. १९०२ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे झालेल्या सामन्यापासून ही प्रथा सुरू झाली. १ जानेवारी २००७ रोजी ॲरिझोनातील ‘फिएस्टा बाऊल’ सामन्यात आयडाहो राज्यातील बॉइझी स्टेट या संघाने सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचा जादा वेळेत ४३-४२ असा, म्हणजे एका गुणाने, पराभव केला. बॉइझी स्टेटचा प्रारंभ १९३२ मध्ये एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रूपात झाला व वरिष्ठ श्रेणीत त्याचा संघ १९९६ मध्ये आला. एका गुणाच्या त्या विजयापाठीमागे दहा वर्षांची उभारणी होती.

विदर्भाच्या बाबतीत पुढील घटनाक्रम बोलका आहे. इंदूरच्या होळकर स्टेडियमवरील अंतिम सामन्यात गुरबाणीने त्रिक साधले. रणजी अंतिम सामन्याच्या इतिहासातील ते दुसरे त्रिक होय. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. ज्या इंदुरात नागपूरच्या नायडूंना कारकीर्द घडविण्यासाठी जावे लागले, तेथेच विदर्भाचा पहिला करंडक उंचावला गेला. पुढील हंगामात सौराष्ट्राला नमवून विदर्भाने विजेतेपद राखले. २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे मुंबईकडून पराभव झाला. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या सामन्यात आदित्य सरवटे केरळच्या बाजूने खेळत होता. पूर्वी बाहेरून खेळाडू घेणारा प्रदेश आता बाहेर खेळाडू देऊ लागला, असे यावरून दिसून येते. ईडन गार्डन्सवरील पाच धावा विरुद्ध बाजूला गेल्या असत्या, तर पहिले विजेतेपद लांबले असते. परंतु मैदान, अकादमी व प्रशिक्षण यांतून निर्माण झालेली क्षमता नाहीशी झाली नसती.

वनबहुल जिल्ह्यांच्या दृष्टीने विचार

विदर्भ क्रिकेट संघटनेचे कार्यक्षेत्र विदर्भातील अकरा जिल्ह्यांचे आहे. तथापि वर वर्णिलेल्या परिवर्तनाचे केंद्र नागपूर होते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हा तालुका झाडीपट्टीत मोडतो. धान हे येथील मुख्य पीक असून धान संशोधन केंद्रासाठी हे गाव परिचित आहे. धानाची कापणी आटोपली की या भागात गावोगावी कबड्डीचे व टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रंगतात. खेळाची आवड येथे मुबलक आहे. परंतु टेनिस चेंडूकडून चामडी चेंडूकडे, बांधीतल्या मैदानाकडून गवती खेळपट्टीकडे जाण्याचा मार्ग नागपूरमार्गेच जातो, आणि तो प्रवास सामान्य शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला सहज परवडणारा नाही. नायडूंच्या काळात नागपूर व इंदूर यांच्यात जे नाते होते, तेच आज झाडीपट्टी व नागपूर यांच्यात दिसते.

येथे विद्यापीठीय व्यवस्थेचा संबंध येतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी स्वतःचे विद्यापीठ-संघ मिळाले. नागपूर शहरातील महाविद्यालयांशी स्पर्धा करून निवड होण्याची पूर्वीची अडचण दूर झाली. त्याचबरोबर त्या स्पर्धेतून मिळणारा कसदार सराव कमी झाला. विदर्भाच्या संघाला १९५७ मध्ये जे मिळाले, तेच या जिल्ह्यांना २०११ मध्ये मिळाले : स्वतःच्या नावाने खेळण्याचा अधिकार. विदर्भाचा इतिहास असे सांगतो की, केवळ त्या अधिकारावर अर्धशतकाहून अधिक काळ काहीच साध्य झाले नाही. मैदान, निवासी प्रशिक्षण, अनुभवी मार्गदर्शक आणि निवडीतील सातत्य या चार गोष्टी एकत्र आल्यानंतर दहा वर्षांच्या आत निकाल बदलले.

समारोप

२०१७ च्या उपांत्य सामन्याच्या अभ्यासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निसटत्या विजयाचे श्रेय केवळ अखेरच्या षटकांना देणारे लेखन अपुरे ठरते. त्यामागील संस्थात्मक घडण समजून घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. दुसरी, प्रादेशिक अनुशेषाचा प्रश्न प्रदेशाच्या आतही पुनरावृत्त होतो. विदर्भाने मुंबई-पुण्याच्या तुलनेत जे अंतर साठ वर्षांनी कापले, ते अंतर झाडीपट्टी व नागपूर यांच्यात अद्याप शिल्लक आहे. महाविद्यालयातील क्रीडा विभाग, तालुक्याचे एखादे नीट राखलेले मैदान आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारा प्रशिक्षक, इतक्या मर्यादित साधनांतूनही त्याची सुरुवात होऊ शकते. मिथुनने ९ धावा बाकी असताना दिलेला झेल विदर्भाच्या क्षेत्ररक्षकाने टिपला, कारण तशा शेकडो झेलांचा सराव त्याने आधी केलेला होता. सिंदेवाहीच्या विद्यार्थ्याला तसा सराव कोठे करता येईल, या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयांना व विद्यापीठाला मिळून द्यावे लागेल.