नर्सबाई एकट्याच का? एका आकड्याचा इतिहास

नाणेघाटाला गेला असाल तर वैशाखरे माहीत असेल. ट्रेकर इथं उतरतात आणि वर जाऊन लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख बघतात. किती गाई, किती नाणी दान दिली, ते आकडे दोन हजार वर्षं दगडात आहेत. आज मात्र घाटाखालच्या माणसांच्या आकड्यांबद्दल बोलू.

माझा जन्म इथल्याच एका वाडीत, घरी, सुईणीच्या हातून झाला. आई सांगते, "नर्सबाई चांगल्या होत्या रे, पण त्या दिवशी दुसऱ्या पाड्यावर गेलेल्या. एकटी बाई, कुठं कुठं पुरणार?"

एकटीच का? हे शोधत मी 1946 पर्यंत पोचलो. त्या वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. हे भोर नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. तेव्हा देशात साधारण 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता आणि 43,000 लोकांमागे एक नर्स! समितीनं लक्ष्य ठेवलं 1971 चं: 2,000 लोकांमागे एक डॉक्टर, 500 मागे एक नर्स. पहिला टप्पा म्हणून 40,000 लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर.

प्रत्यक्षात 1952 नंतर सुरुवात झाली ती अख्ख्या विकासगटाला एक केंद्र देऊन. 1973 मध्ये कर्तारसिंग समिती म्हणाली, मलेरियाचा वेगळा, लसीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा माणूस कशाला? एकच बहुउद्देशीय कर्मचारी ठेवा. नर्सबाईंच्या पिशवीत इतकी रजिस्टरं का, ते इथं कळतं. मग 1980 च्या दशकात निकष ठरला: सपाटीवर 5,000 लोकांना एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 ला.

आता बघा, मी सॉफ्टवेअरवाला. सरासरी लोड धरून सर्व्हर लावला की गर्दीच्या वेळी सिस्टीम झोपते, हे आम्हाला पहिल्या वर्षी कळतं. कल्याणमध्ये 3,000 माणसं चार-सहा सोसायट्यांत मावतात. आमच्याकडे तीच माणसं कितीतरी वाड्यांत विखुरलेली, मध्ये ओढे. निकष डोकी मोजतो, पायपीट मोजत नाही. आणि मंजूर पद म्हणजे भरलेलं पद नव्हे.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. हजार लोकांमागे एक आशा, आणि आदिवासी भागात गरजेप्रमाणे वस्तीमागे एक. म्हणजे निकषात शेवटी वाडी आली! पण आशाताई कागदावर कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. जी बाई रात्री सगळ्यात आधी दारात येते, ती मंजूर पदांच्या यादीत कुठंच नाही.

तर एक काम करा. तुमच्या गावच्या उपकेंद्रात जा आणि विचारा: पदं किती मंजूर, किती भरलेली? उत्तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!