नेम कोणी ठरवायचा?

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील, तू तुझ्या नेमबाजीबद्दल लिही, असं संपादक मंडळाने सुचवलं. निवृत्तीनंतर मी दहा मीटर एअर रायफल हाती घेतली, हे आपल्या बॅचमध्ये बहुतेकांना ठाऊक आहे. ‘या वयात कशासाठी? कुठे स्पर्धेला जायचंय?’ हेही बहुतेकांनी विचारून झालं आहे. प्रश्न रास्त आहे. ज्याला पदक मिळवायचं नाही, सीमेवर जायचं नाही, त्याने नेम सुधारायचा तो कशासाठी आणि किती? उत्तर शोधता शोधता मी या छंदाच्या इतिहासात शिरलो. तिथे असं दिसलं की नेम ज्याचा त्याने धरला, पण तो का आणि कशावर धरायचा हे बराच काळ दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या गावांत मध्ययुगापासून नेमबाजांच्या मंडळ्या होत्या. कित्येक ठिकाणी उंच खांबावर लाकडी पक्षी बसवत आणि त्याचा शेवटचा तुकडा पाडणारा त्या वर्षीचा ‘राजा’ ठरे. जत्रेची मौज होती, पण प्रसंग आला तर गाव राखायला माणसं तयार असावीत हाही हेतू होता. पुढे 1859 मध्ये फ्रान्स चाल करून येईल या धास्तीने इंग्लंडमध्ये हजारो नागरिक स्वयंसेवक दलांत शिरले. त्यांना नेमबाजी शिकवण्यासाठी राष्ट्रीय रायफल संघटना निघाली. 2 जुलै 1860 रोजी विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून तिच्या स्पर्धांचं उद्घाटन केलं. रायफल आधीच घोडीवर बसवून नेमून ठेवलेली होती; राणीने फक्त घोड्याला बांधलेली रेशमी दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी जवळपास मधोमध लागली! अमेरिकेतली तशीच संघटना 1871 ची. यादवी युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती कच्चा होता, हे पाहिलेल्या अधिकाऱ्यांनी ती काढली. म्हणजे रविवारी हौसेने मैदानावर जाणाऱ्या कारकुनाचं उद्दिष्टही लष्कराच्या गरजेतून आलेलं होतं.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेना 1948 मध्ये आली आणि भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये. या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. संसदेतला त्यांचा दरारा आपण नागरिकशास्त्रात वाचला, पण नेमबाजांच्या तोंडी त्यांचं नाव आजही येतं ते अखिल भारतीय मावळणकर स्पर्धेमुळे. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी ही एक पायरी. इथे वर जाण्यासाठी पहिला नंबर लागत नाही, ठरवून दिलेले पात्रता गुण लागतात. तुम्ही वर चढावं म्हणून शेजारच्याने हरावं लागत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या जागी एक आकडा आला, आणि आकड्याशी झुंजताना माणूस आपोआप आपल्याच मागच्या कार्डाशी तुलना करू लागतो. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातलं खरं वळण हेच.

एनसीसीत असलेल्या मित्रमैत्रिणींना पॉइंट टू-टू रायफल आठवत असेल. तिथे आधी ‘ग्रुपिंग’ शिकवत. पाच गोळ्या मधोमध लागल्या की नाही हे नंतर. आधी त्या एकमेकींच्या जवळ लागल्या पाहिजेत. त्या वयात हे अजब वाटायचं, कारण आपल्याला काळा ठिपकाच फोडायचा असे. पण त्यामागे हिशेब आहे. पाचही गोळ्या डावीकडे खाली, पण एका जागी लागल्या, तर साइटचा स्क्रू दोन-चार खटके फिरवून तो पुंजका मध्यावर आणता येतो. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या आणि त्यातली एक नेमकी मध्यावर बसली, तर त्या एकीचा काही उपयोग नाही. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एनसीसीतूनच झाली. 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला नेमबाज ती हीच.

मग प्रश्न येतो की उद्दिष्ट गाठलं तर पुढे काय? सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण केले. चाळीस छर्रे, चाळीस दहा. एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊ पट रुंद. तिथे चाळीस वेळा चूक नाही! पण खेळाने तिथेही पूर्णविराम दिला नाही. 2013 पासून पात्रता फेरीतही गुण दशांशात मोजू लागले आणि दहाच्या पोटात 10.0 ते 10.9 अशा आणखी पायऱ्या निघाल्या. परिपूर्णतेची रेषा अशी सरकत राहते. ती गाठणं हेच उद्दिष्ट मानलं, तर माणूस कायम उणाच राहणार.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला कांस्यपदक मिळालं, तो सामना आपण साऱ्यांनी श्वास रोखून पाहिला. पात्रता फेरीत तो 590 गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून झालं तेव्हा सहावा, झोपून झालं तेव्हा पाचवा, आणि उभ्याने मारता मारता 451.4 गुणांवर तिसरा. शेजारच्या लेनवरचा चीनचा किंवा युक्रेनचा नेमबाज काय करतो, यावर त्याचा काहीच ताबा नव्हता. ताबा होता तो पुढच्या एका गोळीवर.

हे मी माझ्या पातळीवर आणलं आहे. आमच्या वयात मोठी अडचण डोळ्यांची. नेम धरताना पुढची साइट स्वच्छ दिसावी लागते, लक्ष्य थोडं पुसट चालतं. चाळिशी लागलेल्या डोळ्याला नेमकं तेच जड जातं. मागच्या साइटच्या बारीक छिद्राने थोडी मदत होते, बाकी तडजोड. त्यामुळे ‘या वर्षी इतके गुण’ असं उद्दिष्ट मी ठेवत नाही. एक दिवस वहीतला आकडा चढायचा थांबेल आणि उतरू लागेल, हे मला ठाऊक आहे. आकडाच सर्वस्व मानला, तर त्या दिवशी रायफल कपाटात जाईल. म्हणून माझ्या हातात असलेल्या तीनच गोष्टी मी वहीत लिहितो. दहा सेकंदांत घोडा दाबला गेला नाही, तर रायफल खाली घेतली का? छर्रा सुटल्यावर दोन अंक मोजेपर्यंत गाल कुंद्यावरून हलला नाही ना? आणि महिन्याअखेरीस ग्रुप फुटपट्टीने किती भरला? यातली पहिली सर्वांत कठीण. हात थरथरतो आहे हे कळत असतं, तरी ‘आता मारूनच टाकू’ असं मन म्हणतं. रायफल खाली घेऊन पुन्हा श्वासापासून सुरुवात करणं, हा संयम नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला कोणी शिकवला नव्हता.

वयाची ढाल पुढे करणाऱ्या मित्रांसाठी दोन नावं. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी 1908 मध्ये साठाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि 1920 मध्ये बहात्तराव्या वर्षी सांघिक रौप्य. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर नातीला घेऊन नेमबाजी केंद्रावर गेल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच पिस्तूल चालवायला शिकल्या. त्यांच्या वयाच्या बाईने काय करावं हे गावाने ठरवून ठेवलं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही.

आपल्याला पोपटाचा डोळा गुरुजनांनी दाखवला. मार्क, नोकरी, घर, मुलांची शिक्षणं, सगळे नेम कोणीतरी आखून दिलेले होते, आणि ते बऱ्यापैकी लागले, याबद्दल शाळेचे ऋण आहेच. आता झाडही आपण निवडायचं आणि डोळाही. मी निवडलेला सांगतो: पुढच्या संमेलनापर्यंत उभ्याने मारलेले दहाही छर्रे रुपयाच्या एका नाण्याखाली झाकले जावेत. सध्या दोन नाणी लागतात.